कड्यावरचा राजवाडा: किल्वा सल्तनतीतल्या एका अर्धवट वास्तूचं प्रकरण

टांझानियाच्या दक्षिण किनाऱ्यालगत किल्वा किसिवानी हे बेट आहे. बेटाच्या उत्तर अंगाला जुन्या शहराचे अवशेष आहेत: मोठी मशीद, पडकी घरं, कबरी, आणि बऱ्याच नंतरच्या काळातली एक गढी. तिथून किनाऱ्याने पूर्वेला दीड-दोन किलोमीटर गेलं की समुद्रावर डोकावणाऱ्या एका कड्यावर शंभराहून अधिक खोल्यांचा राजवाडा पसरलेला आहे. त्याला हुसुनी कुब्वा म्हणतात, म्हणजे मोठा किल्ला. किल्ला तो नव्हे. शत्रूचा विचार करून बांधलंय असं त्यात फारसं काही नाही. चौदाव्या शतकाच्या पहिल्या तृतीयांशात तो उभा राहिला. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर त्या काळातली एवढी मोठी राहती वास्तू दुसरी नाही.

आणि हा वाडा कधी पुरा झाला नाही. काही भागांत गिलाव्याचं काम राहून गेलंय, काही जमिनी चोपायच्या राहिल्यात. लोक इथे पिढ्यान्‌पिढ्या राहिले असते तर जो कचरा, राख, खापरं आणि हाडं साठली असती, त्यांचा थर पातळ आहे. बांधणाऱ्या सुलतानाच्या नंतर फार काळ इथे दरबार भरला नाही. पुढे सल्तनत मात्र जवळजवळ पावणेदोनशे वर्षं चालली.

मग हा वाडा बांधला कशाला, आणि सोडला का? मध्ययुगीन आफ्रिकी सल्तनतीतले सत्ताधारी कसे राहत, हे समजून घ्यायला हुसुनी कुब्वाचंच उदाहरण नेहमी पुढे केलं जातं. माझं म्हणणं उलटं आहे. हुसुनी कुब्वा हा नमुना नव्हे, अपवाद आहे, आणि अपवाद म्हणून वाचला तरच तो काही सांगतो.

पार्श्वभूमी थोडक्यात. किल्वावर नवव्या शतकाच्या आसपास मासेमारी करणाऱ्या, लोखंड गाळणाऱ्या, मातीच्या घरांत राहणाऱ्या लोकांची वस्ती होती. अकराव्या-बाराव्या शतकात दगडी मशीद आली. पुढे झांबेझीच्या दक्षिणेला सोफाला बंदरातून येणाऱ्या सोन्यावर किल्वाचा ताबा बसला. ते सोनं आतल्या पठारावरून, म्हणजे आजच्या झिंबाब्वेतून यायचं. किल्वाचं नशीब वाऱ्यानेही ठरवलं. ईशान्येकडून वाहणारा कास्काझी वारा अरबस्तान आणि भारताकडून जहाजं खाली आणतो, नैऋत्येचा कुसी त्यांना परत नेतो. एका हंगामात भरवशाने येऊन परत जायचं तर किल्वाच्या पुढे दक्षिणेला जाणं अवघड. त्यामुळे परदेशी व्यापारी इथवर येत, सोफालाचा माल किल्वाच्या लोकांनी आपल्या गलबतांतून इथे आणलेला असे, आणि वारा उलटेपर्यंत पाहुण्यांना कुणाच्या तरी घरी महिनोन्‌महिने राहावं लागे. हा शेवटचा मुद्दा ध्यानात ठेवायला हवा. घरांचे नकाशे पाहताना तो परत लागणार आहे.

माणूस

वाडा बांधणारा सुलतान अल-हसन इब्न सुलेमान. कारकीर्द साधारण १३१० ते १३३३. लोक त्याला अबू-अल-मवाहिब म्हणत, देणग्यांचा बाप. किल्वाच्या इतिवृत्तानुसार तरुणपणी तो दोन वर्षं एडनला शिकायला होता आणि हजलाही जाऊन आला होता. उत्खननात हुसुनी कुब्वालाच एका कोरीव लेखाचा तुकडा मिळाला. त्यात त्याचा उल्लेख ‘अल-मलिक अल-मन्सूर’, विजयी राजा, असा आहे. ही पदवी येमेन आणि इजिप्तमधले राजे मिरवत. एडन त्या वेळी येमेनच्या रसूलिद सुलतानांकडे होतं, आणि दरबार कसा दिसतो, राजा कसा बसतो, हे या तरुणाने तिथे पाहिलं असणार. वाड्याचा आराखडा पाहिला की हे पटतं.

१३३१ मध्ये मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता किल्वाला आला. त्याने सुलतानाची एक गोष्ट सांगितली आहे. शुक्रवारच्या नमाजानंतर एका येमेनी फकिराने सुलतानाकडे त्याच्या अंगावरचेच कपडे मागितले. सुलतान आत गेला, कपडे बदलले आणि अंगातले उतरवून त्याला दिले. वारस मुलाने ते फकिराकडून परत घेतले आणि बदल्यात दहा गुलाम दिले. लोकांनी वाखाणणी केली तेव्हा सुलतानाने आणखी दहा गुलाम आणि दोन ओझी हस्तिदंत त्यात घातलं. औदार्याची म्हणून सांगितलेली ही गोष्ट आज वाचताना माणसं कशी मोजली जात होती तेच आधी दिसतं. मुख्य भूमीवर स्वाऱ्या करून लूट आणण्याचा उल्लेखही त्याच पानांत आहे. राजवाड्याचा चुना भाजायला, लाकूड तोडायला आणि खडक उचलायला लागणारे हात कुठून आले असतील, याचा अंदाज त्यावरून करता येतो. इब्न बतूता पुढे सांगतो की हा सुलतान गेला आणि त्याचा भाऊ दाऊद गादीवर आला. तो चिक्कू निघाला. मागायला आलेल्याला म्हणे, देणारा मेला, मागे काही ठेवलं नाही.

वास्तू

नेव्हिल चिटिक या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञाने १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून १९६० च्या दशकात किल्वा खणलं. दोन खंडांचा अहवाल १९७४ साली आला आणि आजही त्याच्यावाचून पान हलत नाही. वाड्याचे नकाशे, घुमटांचे तपशील, खापरांचं वर्गीकरण सगळं तिथे आहे. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे लक्ष भिंतींवर आणि आयात मालावर होतं. खोलीच्या जमिनीवर लोक काय करत होते हे शोधायची साधनंच हाताशी नव्हती.

वाडा दक्षिणोत्तर लांबट आहे. उत्तर टोक कड्यावर, तिथून खाली किनाऱ्याकडे उतरायला पायऱ्या. समुद्राकडचा भाग राहता आणि दरबारी: खोलगट अंगणं, त्यांना चारी बाजूंनी पायऱ्या, भेटीगाठींसाठी एक प्रशस्त चौक, आणि एका स्वतंत्र चौकात अष्टकोनी तलाव. या तलावात पाणी वाहून आणून भरायचं. किनाऱ्यावरच्या एका बेटावर, कड्याच्या माथ्यावर, खांद्यावरून आणलेल्या गोड्या पाण्यात सुलतान डुंबणार. सत्ता दाखवायची याहून उघड पद्धत मला सुचत नाही. छतांमध्ये अर्धगोल कमानी, घुमट आणि शंकूच्या आकाराचे उभार होते.

दक्षिणेला मात्र चित्र बदलतं. तिथे एक प्रचंड मोकळं अंगण आहे आणि त्याच्या कडेने ओळीने खोल्या. सजावट कमी, मांडणी एकसारखी. चिटिकने याला व्यापाराची जागा मानलं, माल ठेवायची आणि सौदे करायची. म्हणजे एका टोकाला तलाव, दुसऱ्या टोकाला वखार, आणि दोन्हींवर एकच मालक. वाड्याचा हा दक्षिण भाग बघायला येणारे सहसा भरभर ओलांडून जातात, कारण तिथे फोटो काढण्यासारखं काही नाही. मला तोच जास्त महत्त्वाचा वाटतो. सोफालाचं सोनं आणि हस्तिदंत सुलतान केवळ जकात घेऊन पुढे सोडत नव्हता. तो स्वतः व्यापारी होता, आणि शहरातल्या बाकीच्या व्यापाऱ्यांच्या डोक्यावरून परदेशी जहाजांशी थेट व्यवहार करायचा त्याचा इरादा असावा. कड्याखाली होड्या लावायला किनारा होताच. शहराचं बंदर टाळून माल वर चढवता आला असता.

बांधकामाचं साहित्य सगळं समुद्रातलं. भिंतींना जुन्या प्रवाळाचा खडबडीत दगड, जोडायला प्रवाळ भाजून केलेला चुना. दाराच्या चौकटी, मेहराबी आणि नक्षीकामासाठी वेगळा दगड: पाण्याखालच्या जिवंत प्रवाळातून कापून आणलेला. ओला असतो तेव्हा तो लाकडासारखा तासता येतो आणि वाळला की घट्ट होतो. सपाट छतांना तिवराचे वासे. तिवराचा सरळ वासा फार लांब मिळत नाही, म्हणून या किनाऱ्यावरच्या खोल्या अडीच-तीन मीटर रुंद आणि हव्या तेवढ्या लांब. कमान आणि घुमट वापरले की ही मर्यादा सुटते. अल-हसनने ती वाड्यात सोडवली आणि शहरातल्या मोठ्या मशिदीच्या विस्तारातही, तिथे त्याच काळात एक मोठा घुमट आला.

शेजारच्या ओहोळापलीकडे हुसुनी एन्दोगो, छोटा किल्ला, आहे: जाड भिंतींचं आयताकृती आवार आणि कोपऱ्यांना बुरूज. आत जवळजवळ काही नाही. गुलामांचा कोंडवाडा, बाजार, छावणी असे सगळे तर्क झालेत. या प्रकरणाला त्याचा उपयोग एवढाच की मोठ्या वाड्याच्या आसपास सुलतान आणखी काही उभारत होता.

सापडलेला माल मोजका पण उंची. युआन काळातली चिनी मातीची एक कुपी, सेलाडॉनचे, म्हणजे हिरवट झिलईच्या चिनी भांड्यांचे, तुकडे, येमेनकडची पिवळ्यावर काळ्या रेघांची भांडी. या येमेनी भांड्यांचा काळ साधारण १२५० ते १३५० असा ठरलेला आहे, त्यामुळे वाड्याचा कालखंड नक्की करायला ती फार कामाची.

प्रवाशाने काय पाहिलं नाही

आता पेच. इब्न बतूता किल्वाला आला तेव्हा हा वाडा उभा होता किंवा उभा राहत होता. जगातल्या सर्वांत देखण्या, नीट बांधलेल्या शहरांत त्याने किल्वाची गणना केली. पण पुढे तो लिहितो की इथल्या इमारती लाकडाच्या आहेत आणि छपरं गवताची. घुमटांचं नाव नाही, अष्टकोनी तलावाचं नाव नाही. जो माणूस सुलतानाच्या कपड्यांची गोष्ट एवढ्या चवीने सांगतो तो शंभर खोल्यांचा राजवाडा विसरेल?

काहींनी हस्तलिखितांच्या पाठभेदांवर बोट ठेवलं, काहींनी त्याच्या आठवणीवर. प्रवासवर्णन त्याने बऱ्याच वर्षांनी तोंडी सांगून लिहून घेतलं होतं. मला साधं उत्तर पटतं. तो शहरात उतरला, सुलतानाला मशिदीत भेटला, आणि शहर खरोखरच बहुतांश लाकूड-मातीचं होतं. किल्वात त्या वेळेपर्यंत दगडी घरं थोडीच होती. दगड होता तो मशिदीला, आणि आता कड्यावर. फकिराची गोष्टही मशिदीच्या दारात घडते, कड्यावरच्या चौकात नव्हे. सुलतानाचं खरं दर्शन लोकांना शहरातच होत होतं.

हाच प्रवासी काही वर्षांनी महाराष्ट्रात आला. १३४२ च्या सुमारास दिल्लीहून दक्षिणेकडे जाताना तो दौलताबादला थांबला आणि तिथल्या किल्ल्याबद्दल, मराठ्यांबद्दल त्याने लिहिलं. दौलताबादचा खटाटोप मुहम्मद तुघलकाने १३२७ च्या सुमारास केला होता, म्हणजे हुसुनी कुब्वाचं बांधकाम चालू असतानाच. राज्यकर्त्याने जुन्या शहरापासून दूर नवं ठाणं मांडायचं, मानकऱ्यांना तिकडे ओढायचं, आणि काही वर्षांत तो डाव मोडायचा, हे दोन्हीकडे झालं. तुघलकाचा पसारा कितीतरी मोठा आणि कारणंही निराळी, पण हुसुनी कुब्वाकडे फसलेला डाव म्हणून पाहायला ही जोडी उपयोगी पडते. एक फरक महत्त्वाचा: तुघलकाला माणसं हलवायची ताकद होती. किल्वाच्या सुलतानाने स्वतःला हलवलं आणि शहर जागचं हललं नाही.

दुसरी बाजू: सोंगो म्नारा

किल्वाच्या दक्षिणेला त्याच खाडीसमूहात सोंगो म्नारा हे बेट आहे. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात, म्हणजे वाडा ओस पडल्यावर, इथे एक गावठाण जवळजवळ एका दमात उभं राहिलं आणि सोळाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत रिकामंही झालं. भोवती कोट, आत तीस-चाळीस दगडी घरं, पाच-सहा मशिदी, कबरस्तानं. वर पुन्हा कुणी फारसं बांधलं नाही, त्यामुळे शंभर-दीडशे वर्षांचं श्रीमंत स्वाहिली, म्हणजे या किनाऱ्यावरच्या लोकांचं, जीवन जसंच्या तसं जमिनीत राहिलं.

२००९ पासून जेफ्री फ्लायशर आणि स्टेफनी विन-जोन्स यांच्या गटाने इथे काम केलं. पद्धत चिटिकच्या नेमकी उलट. भिंती दिसतच होत्या. त्यांनी जमिनी धरल्या. खोलीच्या चोपलेल्या जमिनीतून ठरावीक अंतरावर मातीचे नमुने घ्यायचे, त्यांतली रसायनं पाहायची, वनस्पती कुजल्यावर मागे राहणारे सिलिकाचे सूक्ष्म कण मोजायचे, आणि मोकळ्या दिसणाऱ्या जागांवर भूभौतिक यंत्रं फिरवायची.

जे दिसलं त्यात घरांचा आराखडा सगळ्यांत बोलका. दारातून आत आलं की पायऱ्यांचं खोलगट अंगण, त्याला लागून पुढची लांबट खोली, तिच्या मागे दुसरी, तिच्या मागे तिसरी. जितकं आत जावं तितका उजेड कमी आणि घरच्या माणसांचा वावर जास्त. पुढच्या भागात परका व्यापारी बसू शकतो, झोपू शकतो, त्याचा माल राहू शकतो; माजघरापर्यंत त्याचा पाय जायचा नाही. वारा उलटेपर्यंत थांबणाऱ्या पाहुण्यासाठी घडलेलं घर आहे हे. सूत कातायच्या चकत्या, मणी, नाणी, आयात भांडी आणि रोजची स्थानिक मडकी एकाच घरात मिळतात. म्हणजे घर हेच दुकान, वखार आणि कारखाना. आणि हुसुनी कुब्वाची पायऱ्यांची अंगणं इथे घरोघर आलीत, छोट्या मापात. सुलतानाने कड्यावर एकट्यासाठी जे बांधलं ते दोन पिढ्यांत डझनभर व्यापारी घराण्यांनी आपल्या दारात आणलं.

त्याहून मोठी गंमत कोटाच्या आतल्या मोकळ्या जागांची. आधी त्या रिकाम्या समजल्या जात. यंत्रांनी आणि चरांनी दाखवलं की त्यांतल्या काही भागांत कुडाच्या भिंतींची घरं होती. दगडी घरांतले श्रीमंत आणि मातीच्या घरांतले बाकीचे एकाच कोटात, एकमेकांच्या नजरेसमोर राहत होते. मधला मोठा पट्टा मात्र मुद्दाम मोकळा ठेवलेला. तिथे कबरी, छोटी मशीद. कबरींपाशी पांढऱ्या गारगोट्या आणि तांब्याची नाणी ठेवलेली मिळाली. गावातली सर्वांत मोक्याची जागा इथल्या धनिकांनी आपल्या मृतांना दिली आणि त्याभोवती घरं मांडली. एकाने दुसऱ्याच्या वरचढ बसावं अशी इथली रचना नाही. राजवाडा म्हणून ओळखली जाणारी एक मोठी इमारत नैऋत्येला आहे खरी, पण ती गावाच्या आतच, ओळीतली एक.

नाण्यांबद्दल थोडं. किल्वाचे सुलतान स्वतःची तांब्याची नाणी पाडत. एका बाजूला सुलतानाचं नाव, दुसऱ्या बाजूला अल्लाच्या स्तुतीचे शब्द, आणि दोन्ही बाजूंची यमकं जुळणारी. साल कधीच नाही. ही नाणी किल्वा, सोंगो म्नारा आणि माफिया बेटाच्या पट्ट्यात भरपूर, बाहेर क्वचित. अल-हसनच्या नावाचं एक तांब्याचं नाणं दूर ग्रेट झिंबाब्वेत सापडलं, आणि त्याच्या नावाची सोन्याची मोजकी नाणीही माहीत आहेत. सोंगो म्नाराला तांब्याच्या नाण्यांचा एक मोठा साठा एकत्र पुरलेला मिळाला. सोन्याच्या व्यापारावर गब्बर झालेल्या सल्तनतीत रोजचा पैसा तांब्याचा होता आणि तो आपापसातल्या व्यवहाराचा होता. जहाजं आणणारा परदेशी त्या नाण्यावर फिरकत नसे. त्याच्याशी देवघेव मालाला माल.

त्या मालात आपल्याकडच्या वस्तू होत्या: गुजरातचे अकीकाचे मणी, कापड, काचमणी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी चौलला केलेल्या उत्खननातल्या काचमण्यांचं रासायनिक पृथक्करण झालं तेव्हा त्यांची काच पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मिळणाऱ्या मण्यांच्या एका मोठ्या गटाशी जुळली. चौलचा आफ्रिकेशी संबंध म्हटलं की आपण रेवदंडा आणि जंजिऱ्यापाशी थांबतो. त्याच्या कितीतरी आधीपासून रायगडच्या किनाऱ्यावरून आणि आसपासच्या बंदरांतून मण्यांच्या माळा तिकडे जात होत्या आणि बदल्यात हस्तिदंत इकडे येत होतं.

वंशाचा प्रश्न

उच्चभ्रू वस्त्यांचा विषय निघाला की ‘हे लोक मुळात कोण’ हा वाद येतोच. किल्वाचं इतिवृत्त सांगतं की इराणमधल्या शिराझहून आलेल्या राजपुत्राने बेट विकत घेतलं आणि राज्य सुरू केलं. चिटिकच्या पिढीचा कल किनाऱ्यावरची दगडी शहरं म्हणजे बाहेरून आलेल्यांच्या वसाहती मानण्याकडे होता, आणि हुसुनी कुब्वा हा त्यांचा हुकमी पुरावा: असा आराखडा आफ्रिकेत दुसरीकडे नाही, म्हणून करणारा परका. मग १९८० च्या दशकात मार्क हॉर्टनने केनियाच्या किनाऱ्यावर शांगा खणलं. तिथे मशिदीखाली मशीद, तिच्याखाली आणखी जुनी लाकडाची मशीद, असा आठव्या शतकापर्यंत जाणारा क्रम मिळाला. मातीच्या गावातून दगडी शहर हळूहळू जागच्या जागी वाढलं होतं. पारडं दुसऱ्या बाजूला झुकलं.

२०२३ मध्ये प्राचीन डीएनएचा अभ्यास आला: १२५० ते १८०० दरम्यानच्या ८० व्यक्ती, त्यांत किल्वा आणि सोंगो म्नारातलेही. अनेकांच्या डीएनएचा निम्म्याहून जास्त वाटा आफ्रिकी आणि तो मुख्यतः स्त्रियांकडून आलेला. आशियाई वाट्यातला ८० ते ९० टक्के इराणी पुरुषांकडचा, थोडा भारतीय. मिसळ इसवी १००० च्या सुमारास सुरू झालेली. वर्तमानपत्रांनी याला ‘शिराझी दंतकथा खरी ठरली’ असे मथळे दिले. घाई झाली ती. शहरांतली ही हाडं मुख्यतः मशिदींजवळच्या, मानाच्या कबरींतली आहेत. कुडाच्या घरांतल्या लोकांविषयी ती काही सांगत नाहीत. शिवाय ज्या समाजात परका व्यापारी पाहुणा म्हणून येतो, पुढच्या खोलीत महिनोन्‌महिने राहतो आणि यजमानाच्या घरात जावई होतो, तिथे असंच मिश्रण दिसायला हवं. घर आणि माजघर बायकांच्या घराण्याचं, नाव बापाचं. सोंगो म्नाराचा घराचा नकाशा आणि हा डीएनए एकमेकांशी चांगले जुळतात.

मग वाडा का मोडला

वर जे मांडलं त्यावरून माझा निष्कर्ष असा. किल्वाची सत्ता खोलीत बसलेल्या पाहुण्यावर, त्याला सांभाळणाऱ्या घराण्यांवर आणि शुक्रवारी मशिदीत सगळ्यांसमोर दिसण्यावर उभी होती. अल-हसनने एडनला पाहिलेलं दुसरंच राजेपण इथे आणायचा प्रयत्न केला: दूर बसलेला, पदवी लावणारा, वखार आपल्याच आवारात ठेवणारा राजा. तो जिवंत होता, दान देत होता, सोनं येत होतं, तोवर हे चाललं. तो गेल्यावर दाऊदकडे ना तेवढा हात सैल होता ना तेवढा पैसा, आणि शहरातल्या घराण्यांना तो कड्यावरचा पसारा हवा असण्याचं काही कारण नव्हतं. कुणी वाडा जाळला नाही, लुटला नाही. नुसता पुढे बांधला नाही.

पुढच्या काळात सुलतानापेक्षा अमीर आणि व्यापारी घराणी वरचढ होत गेली, हे शेवटच्या प्रसंगात अगदी उघडं पडतं. जुलै १५०५ मध्ये फ्रान्सिस्को द अल्मेडाचं पोर्तुगीज आरमार भारताच्या वाटेवर किल्वाला आलं आणि शहर घेतलं. गादीवर तेव्हा सुलतानाच्या वंशातला कुणी नव्हता. सुलतानाला मारून सत्ता बळकावलेला अमीर इब्राहिम होता. तो पळाल्यावर पोर्तुगिजांनी राजा म्हणून निवडला एक श्रीमंत व्यापारी, मुहम्मद अंकोनी. त्याने गादी स्वीकारली, पण आपल्यानंतर आपला मुलगा नको, मारल्या गेलेल्या सुलतानाचा मुलगा वारस असावा असा आग्रह धरला. व्यापाऱ्याला राजा होता येत होतं. वंशाचा मान मात्र त्याला आपल्या घराकडे ओढायचा नव्हता. पोर्तुगिजांना ही रीत समजली असं दिसत नाही. त्यांनी बांधलेली गढी त्यांनीच १५१२ मध्ये सोडली.

किल्वा किसिवानी आणि सोंगो म्नारा १९८१ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. समुद्राच्या झिजेमुळे आणि पडझडीमुळे २००४ मध्ये त्यांना धोक्यातल्या स्थळांत टाकलं होतं, २०१४ मध्ये त्यातून काढलं. हुसुनी कुब्वाला आता नवं मोठं खोदकाम नको आहे. दक्षिण अंगणाच्या कडेच्या खोल्यांतून मातीचे नमुने घ्यावेत, सोंगो म्नाराला घेतले त्याच पद्धतीने, आणि त्यांत धान्य, कापूस, हस्तिदंताचा भुगा किंवा नुसती राख यांपैकी काय येतं ते पाहावं. तिथे माल खरंच भरला गेला होता का, की सुलतानाची वखार आराखड्यातच राहिली, हे तेवढ्यावरून ठरेल. वर जो निष्कर्ष मी मांडला तो टिकतो की नाही, हेही.